देशोदेशीची घरं : मधे रिकामं अंगण

बालमित्रांनो, आधी एक कोडं. चूल पेटते स्वयंपाकघरात, भात शिजतो स्वयंपाकघरात आणि गरम होते शेजारच्या खोलीची जमीन! सांगा पाहू, हे कसं?

हे कोडं कोरियातल्या आजीला घातलंत तर ती नुसती हसेल. कारण तिचं लहानपण अशाच घरात गेलेलं असतं. कोरियाच्या जुन्या पद्धतीच्या घराला म्हणतात 'हानोक'. तिथला हिवाळा भलता कडक. सोल शहरात पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत सहज उतरतो. आणि उन्हाळा? तिशीच्या वर, शिवाय पावसाची चिकचिक. एकाच घरात दोन्ही ऋतू काढायचे, म्हणून त्यांनी जमिनीच दोन तऱ्हेच्या केल्या.

पहिली 'ओन्दोल'. यात चूल खोलीपेक्षा खालच्या पातळीवर असते. तिचा धूर आणि गरम हवा सरळ धुराड्यात न सोडता खोलीच्या जमिनीखालच्या बोळांतून फिरवून मग बाहेर काढतात. बोळांवर सपाट दगड, दगडांवर मातीचा थर आणि त्यावर तेल पाजलेला जाड कागद. दगड एकदा तापले की रात्रभर ऊब देत राहतात. चुलीजवळचा कोपरा सगळ्यात ऊबदार. तिथे बसायचा मान आजी-आजोबांचा, नाहीतर पाहुण्यांचा. बाबांना घरी यायला उशीर झाला की त्यांचं भाताचं झाकणाचं भांडं त्याच कोपऱ्यात पांघरुणाखाली ठेवून देत. रात्री उशिरासुद्धा भात गरम!

दुसरी जमीन 'मारू'. ही लाकडी फळ्यांची, जमिनीपासून उचललेली, म्हणजे खालून वारा खेळतो. अंगणाकडची बाजू उघडी. शेजारच्या खोल्यांची दारं तर वर उचलून आडवी टांगून ठेवायची सोय.

आता जमीनच उबदार, तर खाट आणि खुर्ची हवी कशाला? बसणं, जेवणं, झोपणं सगळं खालीच. सकाळी अंथरुणाची घडी झाली की बुटकं टेबल यायचं, जेवण आटोपलं की तेही जायचं. खोली रिकामी दिसायची ती काही फॅशन म्हणून नव्हे. दिवसभरात तिला तीन-चार कामं करायची असत, बरं का!

यापुढचं आईबाबांनीही वाचावं. पांढऱ्या भिंती, मोजकं सामान, नजरेला कुठे अडथळा नाही, अशा 'मिनिमलिस्ट' घरांची हल्ली जगभर हौस आहे. त्यात थोडं जुनं वळण हवं म्हणून कुणी लाकडी जाळीचं कागदी दार नुसतं भिंतीवर ठोकून टाकतं. ते उघडत नाही, त्यातून उजेड येत नाही. अशा दारापेक्षा कॅलेंडर बरं, निदान तारीख तरी कळते.

मग जुन्यातलं घ्यायचं काय? ओन्दोलचं उत्तर कोरियानं कधीच शोधलंय. शहरांमध्ये लाकडाऐवजी कोळशाच्या वड्या जाळू लागले, तेव्हा जमिनीच्या भेगांतून विषारी वायू खोलीत शिरून कितीतरी माणसं झोपेतच दगावली. पुढे जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप आले. आज उंच इमारतींमधल्या फ्लॅटमध्येसुद्धा जमीन गरम असते. धूर गेला, ऊब राहिली. (अमेरिकेचे मोठे वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांना टोकियोत अशा एका कोरियन खोलीत बसवलं होतं. ती ऊब त्यांना इतकी आवडली की पुढे आपल्या घरांतही त्यांनी जमीन गरम करायची सोय केली.)

अवघड प्रश्न आहे तो अंगणाचा. त्याला म्हणतात 'मादांग'. त्यात झाडांची गर्दी नाही, नुसती मोकळी माती. तिथे धान्य झोडपायचं, किमचीसाठी कोबीचे ढीग लावायचे आणि लग्नही तिथेच लागायचं. उन्हात ही माती तापते, तिथली हवा वर चढते आणि तिच्या जागी घरामागची सावलीतली गार हवा मारूवरून पुढे येते. पंखा नाही, वीज नाही! पण शहरात जमिनीला सोन्याचा भाव. ती रिकामी सोडायची म्हणजे जिवावर येणारच. शिवाय पावसात भिजायचं, थंडीत बर्फ झाडायचा, ते वेगळंच.

सुंग ह्यो-सांग या वास्तुकारांनी मात्र ती सोडली. १९५२ साली जन्मलेल्या सुंग यांनी सोलच्या डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्या बारकाईनं पाहिल्या होत्या. तिथे प्रत्येकाच्या मालकीची जागा एवढीशी, म्हणून पायऱ्या आणि बोळ सगळ्यांनी मिळून वापरायचे. मालकी किती यापेक्षा वापर कसा होतो ते मोठं, हा विचार त्यांनी १९९२ साली मांडला आणि त्याला नाव दिलं 'गरिबीचं सौंदर्य'. त्याच सुमारास सोलच्या गंगनाम भागात त्यांनी एक घर बांधलं. गंगनाम म्हणजे २०१२ सालच्या गाण्यामुळे गाजला तोच, श्रीमंतांचा भाग! घर होतं कलेतिहासकार यू होंग-जुन यांचं. त्याचं नाव 'सुजोल्दांग', म्हणजे साधेपणा जपणारं घर. त्याला हानोकसारखं वळणदार कौलारू छप्पर नाही. पण भिंतींच्या आत अंगण आहे, आणि घर त्या अंगणाकडे तोंड करून आहे. छप्पर जुनं करण्यापेक्षा हे कितीतरी कठीण. छप्पर पैशानं होतं, इथे जागा सोडावी लागते.

घर झाल्यावर यू यांनी सुंगना एक पाटी भेट दिली. तिच्यावर अक्षरं होती 'इरोजे', म्हणजे दव तुडवणारं घर. रोज पहाटे दवानं ओल्या झालेल्या जमिनीवरून वडिलांची विचारपूस करायला जाणाऱ्या मुलाचं ते घर. सुंग यांनी हेच नाव आपल्या कार्यालयाला दिलं. अंगण ओलांडल्याशिवाय पायाला दव कुठलं लागायला!