बोअर आटला नव्हता, मोटार उलटी होती



मागच्या उन्हाळ्यात कळंब तालुक्यातल्या एका गावात डीपी जळाली. आठ दिवसांनी दुसरी बसली, लाईट आली आणि त्या डीपीवरच्या सगळ्यांचेच पाणी एकदम कमी झाले. एकाच्या बोअरला तर थेंब येईना. आपल्याकडे पाणी कमी आले की दुष्काळाशिवाय दुसरे काही सुचतच नाही. त्याने गाडी बोलावून मोटार वर काढली, फिटरला पैसे दिले. दोष सापडला नाही, म्हणून पुन्हा खाली सोडली. पाणी नाहीच. नव्या बोअरसाठी सावकाराकडे शब्द टाकून झाला होता. तेवढ्यात शेजारच्या गावच्या रिवायंडिंगवाल्याने मेन बंद करून स्टार्टरच्या दोन तारा अदलाबदल केल्या, आणि पाईप भरून वाहू लागला.

सगळ्यांचे बोअर एकाच दिवशी आटत नसतात, एवढे माझ्याही लक्षात आले नाही. मी शेतीचा पदवीधर! पंपाच्या अश्वशक्तीची गणिते सोडवली, पण उलटी फिरणारी मोटार ओळखायला शिकलो ती त्या रिवायंडिंगवाल्याकडून.

थ्री फेज मोटारीत तीन फेज ठरावीक क्रमाने एकामागोमाग येतात. त्या क्रमाने आतले चुंबकीय क्षेत्र फिरते आणि रोटर त्याच्यामागे. कोणत्याही दोन तारा बदलल्या की क्रम उलटा, मोटार उलटी. तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवल्या तर मात्र क्रम तोच राहतो. तेव्हा 'सगळ्या तारा बदलून पाहिल्या' या उत्तरावर गप्प बसू नका. उलटा पंपही थोडे पाणी फेकतो, फसगत होते ती इथेच. विहिरीवरच्या मोनोब्लॉकवर दिशेचा बाण असतो, बोअरमधली मोटार दिसत नाही. ती दोन्ही दिशांनी थोडा वेळ चालवून पाहावी. पाणी जास्त येईल ती सुलटी. उलटीच चालू ठेवली तर पाणी वर चढत नाही, आणि पाणबुडी मोटार तर बाजूने वाहणाऱ्या पाण्यानेच थंड राहते. मग ती जळायला किती वेळ?

(घरच्या सिंगल फेज कडबाकुट्टीला हा उपाय चालत नाही. तिथे फेज-न्यूट्रल बदलून दिशा बदलत नाही, स्टार्टिंग वाइंडिंगची टोके बदलावी लागतात. ते फिटरलाच करू द्या.)

चूक दोन तारांची, ती करणारा निघून जातो आणि भुर्दंड आपल्याला. शिवाय रात्रीच्या पाळीला, ओल्या पायांनी, ऑटोस्विच चालू ठेवून स्टार्टर उघडणारे आपल्यातच आहेत. लाईट गेलेली असली तरी ती कोणत्या क्षणी येईल याचा नेम नाही. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना आली. पण उलट्या मोटारीला फुकटची वीज देऊन पिकाला काय मिळणार?

म्हणून मागणी साधी आहे. डीपी बदलणाऱ्याने फेजचा क्रम मीटरने तपासावा, एक पंप चालू करून पाणी दाखवावे आणि मगच शिडी उचलावी. वर्षभरात डीपी बदलल्यानंतर तुमच्या गावात किती मोटारी विनाकारण वर काढल्या आणि किती खर्च आला, ते वहीच्या पानावर लिहून पुढच्या जिल्हा बैठकीला आणा.