एक फुटाच्या कड्याचा हट्ट

एका तालुक्यातल्या यंदाच्या शालेय हस्तकला प्रदर्शनाचे परिपत्रक आमच्या हाती आले, आणि त्यामागोमाग वाचकांची संतापलेली पत्रेही. पाचवी ते सातवीच्या गटासाठी ‘ड्रीमकॅचर’, म्हणजे कड्यात विणलेले जाळे, हा विषय ठेवला आहे. इथवर आनंदच. पुढे अटी आहेत: कड्याचा व्यास किमान 30 सें.मी., पिसे आवश्यक, काम एका तासिकेत पूर्ण व्हावे आणि छायाचित्र त्याच दिवशी अपलोड व्हावे.

ज्यांनी हे लिहिले त्यांनी जन्मात एकदाही जाळे विणलेले नाही, यावर आम्ही पैज लावायला तयार आहोत. 30 सें.मी. व्यास म्हणजे 94 सें.मी. परीघ. पहिल्या फेरीलाच मीटरभराहून जास्त दोरा लागतो, आणि पाच फेऱ्या घालायच्या तर साडेतीन-चार मीटर. हाफ हिच ही गाठ घालताना उरलेला सगळा दोरा प्रत्येक वेढ्यातून ओढून काढावा लागतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात चार मीटर दोरा, बाकावर शेजारी दोघे, आणि घड्याळात पस्तीस मिनिटे! तिसऱ्या वेढ्याला गुंता होतो, पाचव्याला मूल रडकुंडीला येते आणि मग कडे बाईंच्या हातात जाते. एक बाई लिहितात की त्यांनी रात्री घरी बसून वर्गाची जाळी पुरी केली.

यातून सुटायला अनेक शाळांनी किट मागवले. त्यात कडे गुंडाळलेले, जाळे विणलेले; मुलाने फक्त पिसे चिकटवायची. एका केंद्रावर म्हणे साऱ्या वस्तू इतक्या एकसारख्या आल्या, की पहिला क्रमांक कोणाला द्यावा हे परीक्षकांना कळेना.

गंमत अशी, की मूळ वस्तू एक फुटाची नव्हतीच. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स परिसरातील ओजिब्वे लोकांची ही चीज. अभ्यासक फ्रान्सिस डेन्समोर यांनी 1929 च्या ‘चिप्पेवा कस्टम्स’मध्ये तिची नोंद केली आहे: सुमारे साडेतीन इंच व्यासाचे लाकडी कडे, त्यात बारीक दोऱ्याचे, बहुधा लाल रंगवलेले जाळे; पूर्वी ते नेटल या खाजऱ्या वनस्पतीच्या धाग्याचे असे. तान्ह्या बाळाच्या पाळणा-फळीच्या कड्याला ते टांगत. कोळ्याच्या जाळ्यात माशी अडकावी तसे वाईट ते त्यात अडकावे म्हणून. साडेतीन इंच म्हणजे जेमतेम नऊ सें.मी. म्हणजे अस्सल नमुना या प्रदर्शनात बाद!

प्रवेशपत्रावर ‘स्थानिक परंपरेशी संबंध’ असा रकानाही भरायचा आहे, आणि तो रिकामा ठेवता येत नाही. बऱ्याच शाळांनी तिथे ‘वास्तुशास्त्र’ असे ठोकून दिले. दुकानदार काहीही सांगून विकतील, पण शिक्षकाने ते मुलांच्या अक्षरात लिहून घ्यावे? स्थानिकच हवे असेल तर पाळण्यावरचे चिमणाळे करायला सांगा. तीही उत्तम हस्तकला आहे. ड्रीमकॅचर केले तर चिठ्ठीवर ओजिब्वेंचे नाव लिहा.

आता कामाचे. आठ-दहा सें.मी.चे कडे घ्या. निर्गुडीची ओली काडी, नाहीतर बुरुडाकडची पातळ कामटी. पातळ तार नको, दोरा ताणला की ती अंडाकृती होते. लोकर ताणली जाते आणि मागाहून जाळे लोंबते, म्हणून क्रोशाचा किंवा मेण लावलेला दोरा बरा. दीड मीटर पुरतो, आणि तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून दिला की गुंता टळतो. कड्यावर आठ खुणा आधीच करून घ्या. पहिली फेरी किंचित सैल ठेवा, दुसऱ्या फेरीपासून गाठ मागच्या वेढ्याच्या मधोमध. मुलांना अडते ते इथेच, आणि शिकवण्यासारखेही एवढेच आहे. त्याला तीन तासिका द्या. पिसांऐवजी चिंध्यांच्या पट्ट्या चालतात. कोंबड्यांच्या खुराड्यातली पिसे वेचून आणायला मुलांना पाठवू नका. मण्यांसाठी गुंजा टोचायला देणाऱ्यांनी तर हात जोडून थांबावे, ते बी विषारी असते.

परिपत्रक काढणाऱ्या कचेरीला दोष देणे सोपे आहे. पण परिपत्रक आल्याच्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ‘किट कुठे स्वस्त मिळेल’ असे विचारणारे आपलेच सभासद होते. अट चुकीची आहे असे लेखी कळवणारे किती निघाले? कचेरीला लिहिलेल्या एकाही पत्राची प्रत आमच्याकडे आलेली नाही.

तसे पत्र आता कचेरीला पाठवा. व्यासाची अट काढा, एका तासिकेऐवजी तीन द्या, अर्धवट जाळ्याचेही छायाचित्र स्वीकारा, एवढ्या तीन ओळी पुरेत. त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या, कचेरीच्या आवक नोंदवहीत क्रमांक पडल्याशिवाय तिथून हलू नका, आणि एक प्रत आम्हाला पाठवा. ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांचीही प्रत आम्ही घेऊ.