वाळूला पहारा, माणसाला पत्रा

२२ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यातील पासोडी शिवारात, दिवसभर पुलाच्या कामावर राबून पत्र्याच्या शेडमध्ये निजलेल्या मजुरांच्या अंगावर एका टिप्परने वाळूची अख्खी खेप ओतली. पाच जण त्या वाळूखाली गुदमरून मेले. टिप्पर उलटला नव्हता, दरीत गेला नव्हता, कोणाला धडकला नव्हता. टिप्परने जे काम करायचे तेच केले, हौदा उचलला आणि मोकळा केला. डंपर मागे ओततो आणि मागचे चालकाला दिसत नाही, हे गाडी चालवणाऱ्याला, गाडीमालकाला, ठेकेदाराला आणि साइटवरच्या पोरासोरालाही ठाऊक असते. हातात बॅटरी घेतलेला एक माणूस मागे उभा असता तर ते पाच जण सकाळी चहा प्यायला उठले असते. त्या एका माणसाची रोजंदारी वाचवली गेली.

पासोडी ही एकटी नाही. २० ऑगस्ट २०२१ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यातील तढेगावजवळ, ज्या समृद्धी महामार्गाच्या नावातच समृद्धी आहे त्याच्या कामावर, लोखंडी सळयांनी भरलेल्या टिप्परमध्ये मजूर बसवले गेले. टिप्पर उलटला आणि १३ मजूर त्या सळयांखाली चिरडले. २३ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्री पुण्याजवळ वाघोलीला, केसनंद फाट्यावर, पोटासाठी अमरावतीकडून आलेल्या मजुरांच्या पथारीवर दारू प्यालेल्या चालकाने डंपर घातला. तिघे गेले, त्यांतली दोन अजून नीट बोलूही न शिकलेली लेकरे होती. प्रत्येक वेळी तेच मंत्री हळहळले, तीच मदत जाहीर झाली, तोच चालक कोठडीत गेला. ठेकेदार पुढच्या निविदेला लागला.

परभणी जिल्ह्यातल्या आम्हा पालमकरांनी ही दूरच्या गावची कथा समजू नये. गोदामाई आमच्या तालुक्याच्या उशाशी वाहते. फळा, आरखेड या काठावरच्या गावांना हायवा टिप्परांचा आवाज नवा नाही. उसाच्या फडावर नाहीतर पुण्या-मुंबईच्या बांधकामावर बिऱ्हाड घेऊन जाणारी माणसेही याच तालुक्यातली. वाळू इथली आणि तिच्याखाली निजणारा मजूरही इथलाच! गंगाखेड-पालम-लोहा रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजपाशी भर दुपारी क्षणभर थांबून पाहा. हौदा आभाळाकडे उचललेला, जॅकच्या नळीतून तेल ठिबकते आहे, आणि त्या टनावारी लोखंडाखाली चेसिसवर पोट टेकून मिसरूडही न फुटलेले पोर पाना फिरवते आहे. हौद्याला टेकू नाही. उचललेला हौदा निव्वळ तेलाच्या दाबावर तोललेला असतो, म्हणूनच त्याच्याखाली शिरण्यापूर्वी लोखंडी टेकू लावायचा असतो. पण तो टेकू कधीच भंगारात गेला आणि त्याची जागा ‘काही होत नाही’ या दोन पिढ्यांच्या मंत्राने घेतली. नळी फुटली की हौदा खाली येतो. येताना तो हॉर्न वाजवीत नाही.

आता कायद्याची थोरवी ऐका. १९९६ सालच्या बांधकाम कामगार कायद्याचे ३४वे कलम सांगत होते की मालकाने कामगाराला कामाच्या जागी किंवा जवळ राहण्याची सोय फुकट करून द्यावी. पासोडीत ती पत्र्याची झाली. त्याच कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत माती-वाळू वाहणाऱ्या गाडीला मागे जाताना वाजणारा भोंगा हवा, मागेपुढे उजेड हवा, पायाचा आणि हाताचा दोन्ही ब्रेक शाबूत हवेत, असे स्वच्छ लिहिले होते. आणि हे सारे धाब्यावर बसवणाऱ्याला शिक्षा? तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर २,००० रुपयांपर्यंत दंड, फार तर दोन्ही. याच महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या ४८व्या कलमाने चोरट्या वाळूला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. वाळूची किंमत पाचपट, माणसाची दोन हजार!

हे अज्ञानाने घडते असे म्हणणाऱ्याला आम्ही भोळा म्हणणार नाही, भागीदार म्हणू. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. कोरडी वाळूसुद्धा साडेचार टनांच्या आसपास भरते. सहा ब्रास भरले की २७ टन. दहा चाकी टिप्परला स्वतःच्या वजनासकट कायद्याने दिलेली मर्यादा साडेअठ्ठावीस टनांची. म्हणजे वाळूनेच ती जवळपास गाठली, गाडीचे दहा टन वर उरले. त्या ओझ्याने ब्रेक तापतात, पाटे मोडतात, घासलेला टायर फुटतो, आणि हौदा उचलताना एका बाजूची माती खचली तर गाडी आडवी होते. चालकाला पगार खेपेवर. त्याने चाके तपासायची, ब्रेकसाठी हवेचा दाब भरेपर्यंत थांबायचे, की तिसरी खेप गाठायची? क्लीनर तर खर्चात काटछाट म्हणून केव्हाच उतरवला गेला. चालकाला दारू कोण पाजतो हे आम्हांला ठाऊक नाही. त्याला झोपू कोण देत नाही हे मात्र अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.

आणि सरकार काय करते? ते वाळूवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवते. घाटाला कॅमेरे, गाडीला जीपीएस, प्रत्येक खेपेला ऑनलाइन पास. रस्त्यात टिप्पर अडवला की पहिला प्रश्न रॉयल्टीचा. ब्रेक दाबून पाहा, मागचा भोंगा वाजवून दाखव, असे म्हणणारा अधिकारी आम्हांला एखाद्याने आणून दाखवावा, त्याचा आम्ही जाहीर सत्कार करू. पासोडीची राख थंड होते न होते तोच, जुलै २०२५ मध्ये, याच सरकारने वाळूवाहतूक चोवीस तास खुली केली. चोरी थांबावी म्हणून, असे कारण दिले. रात्रीच्या खेपेला मुभा देताना रात्री मागे कोण उभे राहणार, हे विचारण्याची कोणाला आठवणही झाली नाही. कामगार कल्याणाच्या नावाने बांधकामांवर एक टक्का उपकर गोळा होतो, त्यातून मजुराला भांड्यांचा संच मिळतो, त्यात प्रेशर कुकरही असतो. कुकरला शिट्टी मिळाली, डंपरमागे उभे राहणाऱ्याला मिळाली नाही.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, दंड लाखांत गेले, असे सांगून आमची समजूत घातली जाते. ज्यांनी दोन हजारांचा दंडही कधी वसूल केला नाही, त्यांच्या हाती लाखांचा दंड म्हणजे लाखांच्या तडजोडीचे भांडवल. आम्हांला तडजोड नको. ज्या संगणकातून वाळूचा पास निघतो, त्याच संगणकात आधी गाडीची ब्रेक-तपासणी, मागचा भोंगा, क्लीनरचे नाव आणि खेप जिथे ओतायची तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाव भरल्याशिवाय पास निघता कामा नये. वाळूसाठी जे सरकार हे करू शकते, ते माणसासाठी करता येत नाही अशी सबब आम्ही ऐकून घेणार नाही. अपघात घडला तर चालकाच्या आधी गाडीमालक आणि ठेकेदार ठाण्यात हजर हवेत, आणि काळ्या यादीचा कागद तपासाची वाट न पाहता निघायला हवा. कामे खोळंबतील, विकास थांबेल, असा गळा काढला जाईल.

खोळंबू द्या.