उमरावांच्या बागेत मोती

इंग्लंडमधील सरदार-उमरावांच्या जुन्या हवेल्या आज तिकीट काढून कोणालाही पाहता येतात. एवढेच नव्हे, तर पुष्कळ ठिकाणी भोवतालच्या बागेत घरचा कुत्राही नेता येतो. वाचक बंधू-भगिनींना याचे नवल वाटेल, आम्हालाही वाटले. आमचे धाकटे बंधू शेफील्डला नोकरीस आहेत. त्यांच्याकडे गेलो असता एका रविवारी सहकुटुंब डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ पाहावयास निघालो. त्यांचा मोती अर्थातच बरोबर होता. बसच्या ड्रायव्हरने विचारपूस केली ती आधी मोतीची, मग आमची!

चॅट्सवर्थची जमीन कॅव्हेंडिश घराण्याने १५४९ साली घेतली. डेव्हनशायरचे ड्यूक ते हेच. नदीकाठच्या विस्तीर्ण कुरणात पायी फिरावयास पैसे पडत नाहीत. हवेली व १०५ एकरांची बाग यांना तिकीट आहे. बागेत कुत्रा आखूड पट्ट्यावर चालतो. हवेलीत मात्र अपंगांना साहाय्य करणारे शिकविलेले कुत्रे तेवढे जाऊ शकतात. म्हणून आधी बंधू व भावजय आत गेले आणि आम्ही मुलांसह मोतीला धरून बाहेर बसलो. नंतर आमची पाळी. छताची चित्रे, सोन्याचा मुलामा वगैरे सगळे आहे. त्याचे वर्णन करीत बसत नाही.

आमचे लक्ष वेधले ते समोरच्या मोकळ्या हिरवळीने. तेथे पूर्वी एन्सर नावाच्या गावाची घरे होती. हवेलीतून ती दिसू नयेत म्हणून एकोणिसाव्या शतकात सहाव्या ड्यूकने गावच हलविले. आडोशाला नवी टुमदार घरे बांधून दिली, हे खरे. पण डोळ्यांना नको म्हणून गाव उचलावयाचे, हा अधिकार कोणी दिला? जुन्या गावाचे एकच घर जागेवर राहिले आहे.

आणि कुत्र्याचे म्हणाल, तर गरिबाच्या कुत्र्याला त्या देशात मोठा जाच होता. राजाच्या शिकारी जंगलात राहणाऱ्यांच्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखे छाटीत, म्हणजे ते हरणामागे धावू नयेत. १२१७ च्या जंगल सनदेत याची दर तीन वर्षांनी तपासणी सांगितली आहे; कुत्रा तसाच आढळला तर मालकाला ३ शिलिंग दंड. पुढे १६७१ च्या कायद्याने ठरविले की, वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन किंवा त्यासारखी पात्रता नसेल त्याने शिकार करू नये, शिकारी कुत्रा बाळगू नये. जमीनदाराच्या रखवालदाराला असा कुत्रा जप्त करण्याचा अधिकार होता. ही मिळकतीची अट १८३१ साली गेली. मोती त्या काळी असता तर बंधूंच्या पगाराकडे पाहून त्याचा निकाल लागला असता.

रखवालदार मात्र राहिलेच. याच डर्बीशायरात किंडर स्काउट नावाचे उंच माळरान आहे. तेथे शिकारीचे पक्षी राखले जात, म्हणून कामगारांना पाऊल टाकण्यास मनाई होती. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे सुमारे चारशे तरुण बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या पोराच्या पुढाकाराने माळावर चढले. रखवालदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. गुन्हा मुळात काय, तर सुटीच्या दिवशी डोंगरावर चालणे!

आम्हाला येथे २० मार्च १९२७ चे महाड आठवल्यावाचून राहिले नाही. चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत, कारण किंडरवर चालणाऱ्यांना कोणी जन्माने अस्पृश्य मानले नव्हते. पण दोन्हीकडे लोक आपल्या पायांनी तेथवर गेले, तेव्हाच वाट निघाली.

किंडरच्या त्या माळाचा काही भाग डेव्हनशायरच्या ड्यूकचाच होता. २००२ साली, सत्तर वर्षांनी, अकराव्या ड्यूकने आजोबांच्या रखवालदारांच्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली. भावजयींनी हे ऐकून विचारले, "माफी मागायला सत्तर वर्षं?" बंधू म्हणाले, "मागितली तरी."

२००० सालच्या कायद्याने आता अशा माळांवर पायी फिरण्याचा हक्क आहे, आणि मोतीलाही नेता येते. मात्र १ मार्च ते ३१ जुलै या काळात पट्टा दोन मीटरहून लांब चालत नाही, कारण पक्षी जमिनीवर अंडी घालतात. मेंढ्या जवळ असतील तर बारा महिने हीच अट. मोतीने कुरणात मेंढ्या पाहून दोनदा हिसका दिला. बंधूंनी पट्टा मनगटाला गुंडाळून घेतला आणि आम्ही एन्सरच्या बाजूने बसथांब्याकडे चालू लागलो.