फोल्डिंग सायकल : विकत घेण्यापूर्वी मोजावयाच्या गोष्टी

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलीच्या दुकानाने झाला, हे आपल्या भागातील बहुतेकांना ठाऊक असते. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी ही त्यानंतरची गोष्ट. त्या दुकानात सायकल विकली जाई आणि घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकविली जाई. वस्तू देणे आणि ती गिऱ्हाइकाच्या अंगवळणी पाडणे, ही दोन्ही कामे विक्रेत्याचीच मानली जात. आज फोल्डिंग सायकल खोक्यात बंद होऊन घरपोच येते. दुसरे काम मात्र घेणाऱ्याच्या माथी पडते. सातारा-सांगलीकडील आपल्या घरांतून अलीकडे या सायकलीची चौकशी वाढलेली दिसते, म्हणून या वेळी सदरात त्या दुसऱ्या कामाचाच विचार करू.

पहिला प्रश्न असा की, अशी सायकल मुळात कोणाला हवी? घडी होते एवढ्याच कारणासाठी ती घेऊ नये. त्याच किमतीची साधी सायकल बहुधा हलकी असते, सरळ चालते आणि कमी दुरुस्ती मागते. ज्याच्या रोजच्या वाटेत जिना आहे, रेल्वे वा एसटी आहे, किंवा सायकल उभी करावयास जागा नसलेले दुकान आहे, त्यालाच घडीचा उपयोग. सांगलीच्या गणपती पेठेत पेढी आणि विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर घर असेल, तर गादीमागे किंवा पोत्यांच्या थप्पीशेजारी घडी करून ठेवता येणारी सायकल खरोखर सोयीची ठरेल. घर तळमजल्यावर आणि दुकानापुढे मोकळे अंगण असेल, तर साधी सायकलच घ्यावी.

रेल्वेने जा-ये करणाऱ्यांची गोष्ट निराळी. सांगलीचे स्थानक शहरातच आहे. कराडचे मात्र ओगलेवाडीला, शहरापासून दूर आहे, आणि साताऱ्याचे तर कृष्णा-वेण्णेच्या संगमाकडे, माहुलीजवळ, गावापासून सहा-सात किलोमीटरांवर. गाडीतून उतरल्यावर रिक्षाची वाट पाहण्यात जो वेळ आणि पैसा जातो, तो वाचविणे हाच या सायकलीचा खरा नफा होय. सपाट रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटर हा सावकाश वेग धरला, तर तीन किलोमीटर बारा मिनिटांत संपतात. पायी त्यालाच पाऊण तासाच्या आसपास लागतो. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या घरात त्या अर्ध्या तासाची किंमत काय, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट वजनाची. सर्वसाधारण फोल्डिंग सायकल बारा ते पंधरा किलोची असते. हा आकडा कागदावर लहान दिसतो. खरेदीपूर्वी एक सोपी परीक्षा करावी : पिशवीत तेरा-चौदा किलो ज्वारी भरावी आणि ती एका हाती घेऊन आपल्या घराचा जिना चढावा, तोही दिवसभर दुकानात उभे राहून आल्यावर. चार दिवस हे जमले तर पुढे जावे. दुसऱ्या दिवशीच नकोसे झाले, तर ती सायकल महिन्याभरात माळ्यावर जाणार हे ओळखावे.

तिसरे माप घडीचे. लंडनचे अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात रचलेली ब्रॉम्प्टन ही सोळा इंची चाकांची सायकल घडी केल्यावर सुमारे ६४ × ५८ × २७ सेंटिमीटरांत मावते. डेव्हिड हॉन यांच्या डाहॉन कंपनीने रूढ केलेल्या, मधोमध बिजागर असलेल्या वीस इंची सायकलींची घडी सुमारे ८० × ६५ × ३५ सेंटिमीटर किंवा थोडी अधिक होते. रेल्वेच्या नियमात प्रवाशाने डब्यात जवळ बाळगावयाच्या ट्रंक-पेटीची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे, आणि वातानुकूलित तृतीय वर्गात ती ५५ × ४५ × २२.५ अशी आणखी लहान होते. म्हणजे अक्षरशः पाहिले तर सर्वांत लहान घडीही जाडीत दोन बोटे बाहेरच राहते. म्हणून जिचा भरवसा धरून रोजचा प्रवास ठरवावयाचा, ती सायकल घेण्याआधी आपल्या स्थानकावर स्पष्ट विचारून घ्यावे. जाड कापडाची झाकणारी पिशवी शिववून घ्यावी. दार आणि वाट अडणार नाही अशीच ती ठेवावी. गर्दीच्या गाडीत सहप्रवाशाच्या पायाला तेलकट चेन लागणे हा आपलाच दोष.

आता चाकांकडे वळू. दुकानदाराने माल घेताना सुटे भाग मिळतील की नाही हे पाहावे, तेच येथेही करावे. वीस इंच म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांत दोन मापे आहेत : ४०६ आणि ४५१ मिलिमीटर. हा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. मुलांच्या वीस इंची सायकलींना बहुधा ४०६ चाच टायर लागतो, त्यामुळे त्याची ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळते. सोळा इंचांतही ३०५ आणि ३४९ अशी दोन मापे आहेत. ब्रॉम्प्टनला लागणारे ३४९ चे टायर-ट्यूब आपल्याकडील कोपऱ्यावरच्या दुकानात मिळण्याची आशा धरू नये. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते, म्हणून टायर अरुंद नको. पावणेदोन इंच किंवा त्याहून रुंद असावा. बाभळीच्या काट्यांच्या रस्त्याने जाणाऱ्याने आतून जाड पट्टी असलेला टायर घ्यावा. हवा दर आठवड्यास पाहावी, कारण लहान टायरला थोडी कमी हवाही लगेच जाणवते.

गिअरचा हिशेब त्रैराशिकाइतका सोपा आहे. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या चक्राचे दात, गुणिले चाकाचा परीघ. एवढे अंतर पॅडलच्या एका फेऱ्यात कापले जाते. वीस इंची चाकाचा परीघ टायरसह सुमारे १५५ सेंटिमीटर धरा. पुढे ४८ आणि मागे १६ दात असतील, तर एका फेऱ्यात सुमारे ४६५ सेंटिमीटर. सांगली-मिरजेच्या सपाटीला हे पुरते. तेथे एकच गिअर असला तरी चालते, आणि भाग जितके कमी तितकी दुरुस्ती कमी. सातारा मात्र अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले आहे. स्थानकाकडून गावात येताना चढ लागतो आणि पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जातानाही तो संपत नाही. तेथे मागे २८ दातांचे चक्र हवे. मग फेरा सुमारे २६६ सेंटिमीटरांवर येतो आणि गुडघ्यावर ताण पडत नाही. घेतलेल्या सायकलीत तेवढा हलका गिअर नसेल, तर पुढचे चक्र ४४ दातांचे बसवून घेता येते. हा बदल जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावा. चेनही त्यानुसार आखूड करावी लागते.

या सायकलीचा एक गुण कुटुंबाच्या दृष्टीने मोठा आहे. दांडा खाली असल्याने साडी नेसलेल्या स्त्रीला आणि वयस्कांनाही चढणे-उतरणे सोपे जाते, आणि सीट पान्याशिवाय वर-खाली होते. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पॅडलवर टेकविली असता गुडघा सरळ झाला, की ती उंची योग्य समजावी. घरातील प्रत्येकासाठी सीटच्या नळीवर निराळ्या रंगाची चिकटपट्टी लावून ठेवली, की रोजचे मोजमाप वाचते. मात्र नळीवर कोरलेली किमान खूण कधीही बाहेर दिसता कामा नये.

सामान मागे लटकविले तर लहान चाकामुळे टाच पिशवीला लागते. म्हणून हिशेबाच्या वह्या, डबा आणि रेनकोट यांसाठी पुढे, हँडलला नव्हे तर सांगाड्याला बसणारे कॅरियर घ्यावे. वळताना ओझे हँडलबरोबर फिरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या चिखलाला दोन्ही चाकांवर पूर्ण मडगार्ड हवेत, आणि साडी-धोतरासाठी चेनवर झाकण. मागे लाल दिवा आणि परावर्तक अवश्य असावेत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलींमागून संध्याकाळी सायकल चालविणाऱ्यास हे अधिक पटेल. महागड्या सायकलींना शोभेसाठी चामड्याची सीट आणि मुठी बसवितात. मागणी नोंदवितानाच कृत्रिम कापडाची किंवा रबराची सीट मागून घ्यावी. खोके उघडल्यावर बदलण्यात खर्चही होतो आणि मनही रुखरुखते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साध्या सायकलीत जेथे अखंड नळी असते, तेथे हिच्यात बिजागर आणि खटका असतो. जीव त्याच्यावर अवलंबून असतो. निघण्यापूर्वी सांगाड्याचा, हँडलच्या दांड्याचा आणि सीटचा, असे तिन्ही खटके हाताने दाबून पाहावेत. खटका बंद करताना तळहाताचा जोर लागला पाहिजे; दोन बोटांनी मिटत असेल तर तो सैल झाला आहे, नट आवळून घ्यावा. बिजागराभोवती रंगाला बारीक तडा दिसला तर त्या दिवशी सायकल बाहेर काढू नये. कंपनीने दिलेल्या वजनाच्या मर्यादेत स्वार आणि सामान दोन्ही धरावे. लहान चाकाचे हँडल चटकन वळते, म्हणून पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानात सराव करावा आणि एका हाताने चालविणे टाळावे.

हे सारे जुळत असेल, तर प्रथम कोणाकडून तरी आठवडाभर मागून आणलेल्या सायकलीवर आपली रोजची वाट करून पाहावी, आणि त्या आठवड्यात रिक्षाचे, पेट्रोलचे किती पैसे वाचले ते चोपडीत मांडावे. नफा दिसला तर घ्यावी. न दिसला तर जुनी साधी सायकल काढून तिला हवा भरावी. कित्येक घरांना तेवढ्यानेही पुरेल.