अनगोळच्या हातांना नवे कसब द्या

बेळगावातल्या अनगोळच्या एका बाजूला उद्यमबागेतल्या फौंड्री आणि मशीन शॉप, दुसऱ्या बाजूला वडगाव-शहापूरच्या मागांची खटखट. बदल म्हणजे काय, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. पण त्याचा वेग आता झेपेनासा झाला आहे.

हातमाग सोडून यंत्रमाग धरायला विणकरांना निदान एक पिढी मिळाली. नक्षीसाठी भोकांचे पुठ्ठे वापरणारा जॅकार्ड माग तर १८०४ सालचा, फ्रान्समधला. गणकयंत्राला पुठ्ठ्यांवरून आज्ञा द्यायची कल्पना चार्ल्स बॅबेजने त्यावरूनच घेतली. आता संगणकच मागावर येऊन बसला आहे, आणि पुठ्ठे पाडणाऱ्याचे कसब अडगळीत चालले आहे.

उद्यमबागेत लेथवर वर्षानुवर्षे घोटलेला हात संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सीएनसी यंत्रापुढे नवशिका ठरतो. त्यातच विजेवरच्या गाड्या आल्या. त्यांना पिस्टन, सिलिंडर, क्रँकशाफ्ट लागत नाहीत. इंजिनाच्या सुट्या भागांवर जगणाऱ्या छोट्या कारखानदाराने पुढची ऑर्डर कुठून आणायची?

काम जिल्ह्यातच आहे. निपाणीच्या रस्त्यावर हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात (एसईझेड) विमानांचे भाग घडतात. तिथली मायक्रॉनची अचूकता चाळिशीतल्या टर्नरला कोण शिकवणार?

उद्यमबागेतच गोगटे तंत्रज्ञान संस्था आहे. तिच्या कार्यशाळा संध्याकाळी कामगारांसाठी खुल्या व्हाव्यात, शिकवणी मराठी आणि कन्नड दोन्हींत असावी, आणि शिकण्याच्या काळात बुडणाऱ्या मजुरीचा भार सरकार व उद्योजकांनी मिळून उचलावा. त्यासाठी राज्याच्या येत्या अर्थसंकल्पातच तरतूद झाली पाहिजे.