गृहस्थाश्रमाचीं टिपणें : शोधयंत्र हें आप्त कीं दलाल?

न्यायशास्त्रकारांनीं ज्ञान मिळविण्याचीं चार साधनें सांगितलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पहिलीं तीन ज्याचीं त्यानें वापरावयाचीं. चौथें मात्र दुसऱ्याच्या तोंडून येतें, आणि म्हणूनच त्याला एक अट घातलेली आहे. ज्याच्या शब्दावर विसंबावयाचें तो 'आप्त' असला पाहिजे. म्हणजे वस्तु जशी आहे तशी ती त्याला ठाऊक असावी, आणि ती तशीच सांगण्याची त्याची इच्छाहि असावी. आमच्या लहानपणीं शिवणयंत्र घ्यावयाचें असो, मुलीसाठीं स्थळ पाहावयाचें असो, कीं गुडघेदुखीवर वैद्य शोधावयाचा असो, कोणाला विचारावयाचें हें ठरलेलें असे. महालांत राहणारे एखादे काका, बर्डीवरचा ओळखीचा दुकानदार, इतवारींतला सराफ. त्यांच्यापैकीं कोणाचा सल्ला चुकला तर त्याला पुढल्या लग्नाच्या पंक्तींत आपल्या शेजारीं बसावें लागे, आणि हीच त्याच्या आप्तत्वाची जामिनकी होती.

आज तेच प्रश्न घरोघर मोबाईलला विचारले जातात. सून विचारते, नातू विचारतो, आणि आम्ही म्हातारेहि चष्मा पुसून विचारतों. उत्तर क्षणांत येतें, नम्रपणें येतें, आणि त्यासाठीं कोणी दिडकीहि मागत नाहीं. तेव्हां हें शोधयंत्र आप्त आहे काय, हा प्रश्न कुटुंबांतील कर्त्या माणसांनीं एकदां नीट पाहावा असें मला वाटतें.

१९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गे ब्रिन या दोघां विद्यार्थ्यांनीं गुगलची रचना एका निबंधांत मांडली. त्याच निबंधाच्या परिशिष्टांत त्यांनीं अशी भीति व्यक्त केली होती कीं, जाहिरातीच्या पैशावर चालणारें शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल. पुढें दोनच वर्षांनीं, २००० सालच्या ऑक्टोबरांत, त्यांच्याच कंपनीनें ॲडवर्ड्स नांवाची जाहिरातींची योजना सुरू केली. २०२३ सालीं तिच्या मूळ कंपनीचें, अल्फाबेटचें, एकूण उत्पन्न सुमारें ३०७ अब्ज डॉलर होतें व त्यांतले सुमारें १७५ अब्ज मुख्यतः शोधाच्या पानांवरील जाहिरातींतून आले. याला मी ढोंग म्हणत नाहीं. यंत्र चालवावयास वीज लागते, माणसें लागतात, आणि आपण तर प्रश्नामागें एक छदामहि देत नाहीं. मग खर्च दुसरा कोणीतरी देणार हें उघड आहे. तो कोण आणि कशासाठीं देतो, एवढेंच समजून घ्यावयाचें आहे.

तो लिलाव कसा होतो हें नागपूरकरास समजावयास फारसें कठीण नाहीं. कळमन्याच्या बाजारांत संत्र्यांचा ढीग लिलावाला निघाला कीं बोली चढत जाते, आणि दुसऱ्या क्रमांकाचा अडत्या जेथें थांबतो त्याच्या किंचित् वर पहिल्याला ढीग मिळतो. म्हणजे पहिल्याची मनांतली तयारी कितीहि असो, त्याला किंमत द्यावी लागते ती दुसऱ्याच्या तयारीप्रमाणें. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालीं याच तत्त्वाची गणिती उपपत्ति दिली व १९९६ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. शोधयंत्रावर ढीग असतो तो आपल्या शब्दांचा. आपण 'नागपूर ते पुणें सामान हलविणें' असें टंकलें, कीं तेवढ्या निमिषार्धांत त्या शब्दांचा लिलाव होतो आणि जिंकणाऱ्यांचीं नांवें वर लागतात.

१९९८ सालीं गोटू नांवाच्या अमेरिकन शोधयंत्रानें ही पद्धति प्रथम रूढ केली, तेव्हां केवळ पैशाची बोली पाहिली जाई. २००२ पासून गुगलनें तींत एक गुणक घातला. समजा, एका कंपनीची बोली दर टिचकीस १०० रुपये आणि तिच्या जाहिरातीचे गुण ४. दुसरीची बोली ६० रुपये आणि गुण ८. गुणाकार केला तर पहिलीचे ४०० होतात, दुसरीचे ४८०. म्हणून कमी पैसे बोलणारी दुसरी कंपनी वर बसते, आणि तिला द्यावे लागतात ४०० भागिले ८, म्हणजे ५० रुपयांच्या किंचित् वर. आज यांत आणखी पुष्कळ घटक मिसळले आहेत, परंतु सांगाडा हाच. मात्र हे गुण मुख्यतः लोक त्या जाहिरातीवर किती टिचक्या मारतील, ती विचारलेल्या शब्दांशीं किती जुळते, व पुढचें पान कसें आहे यांवर ठरतात. सामान हलवितांना आईच्या माहेरचें तांब्याचें घंगाळ चेपलें कीं शाबूत पोंचलें, यासाठीं येथें एकहि गुण नाहीं.

आतां हिशेब आणखी एक पायरी पुढें न्या. टिचकी मारणाऱ्या वीस माणसांपैकीं एकानेंच काम दिलें, तर ५० रुपयांप्रमाणें एका गिऱ्हाइकामागें त्या कंपनीचे हजार रुपये खर्च झाले. ते ती भाड्यांतच धरणार. म्हणजे 'फुकट' विचारलेल्या प्रश्नाचें शुल्क शेवटीं सामान नेणाऱ्याच्या बिलांत निघतें. त्यावर तसें लिहिलेलें नसतें इतकेंच. या लिलावांत व्यापारीहि नेहमीं शहाणाच ठरतो असें नाहीं. ईबे या कंपनीनें स्वतःच्याच नांवाच्या शोधावर दिलेल्या जाहिराती प्रयोगादाखल बंद करून पाहिल्या. ब्लेक, नोस्को व टाडेलिस यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, कीं येणारे लोक जवळजवळ तितकेच राहिले. ते खालच्या साध्या दुव्यावरून आले. ज्याला आपल्याच दारांत यावयाचें होतें त्याला दारापर्यंत आणल्याबद्दल दलाली दिली जात होती!

दोष सगळा यंत्राचा आहे असेंहि म्हणवत नाहीं. आपलें मनहि विचित्र आहे. आंद्रे ब्रॉडर या संशोधकानें २००२ सालीं शोधाचे तीन हेतु सांगितले. मराठींत ते चांगले जमतात : जाणें, जाणणें आणि करणें. ठाऊक असलेल्या ठिकाणीं जाणें, एखादी गोष्ट जाणून घेणें, आणि खरेदी वगैरे कांहीं करणें. बोलीची खरी झुंबड या तिसऱ्या हेतूवर उडते, आणि नेमक्या त्याच वेळीं आपण उतावीळ असतों. कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गुगलच्या उत्तरांचा क्रम गुपचूप उलटासुलटा केला होता. तरीहि, वरचें उत्तर कमी उपयोगी असतां मुलें बहुधा वरच्यावरच टिचकी मारीत. पहिल्या बाकावर बसतो तो हुशार, अशी समजूत आमच्या वर्गांतहि होतीच. मास्तरांनीं बाक बदलले म्हणजे ती कशी फसते हें मीं तीस वर्षें पाहिलें आहे.

जाहिरात वाईट असें मी मुळींच म्हणत नाहीं. 'किर्लोस्कर खबर' हें मासिक १९२० सालीं सुरू झालें तेंच एका कारखान्याच्या मालाची वार्ता लोकांपर्यंत पोंचविण्यासाठीं. परंतु ही खबर कोणाची, तें त्याच्या नांवांतच होतें. वाचक डोळे उघडे ठेवून वाचीत होता. शोधयंत्राच्या पानावर मात्र ही खूण वरचेवर पुसट होत गेली. पूर्वीं जाहिरातींच्या मागें रंगीत पट्टा असे. २०१३ च्या सुमारास तो जाऊन लहानशी पिवळी चिठ्ठी आली; पुढें २०१६ सालीं ती हिरवी झाली, आणि २०२० पर्यंत नुसतीं काळीं अक्षरें उरलीं. हल्लीं 'स्पॉन्सर्ड' असा शब्द असतो. माझ्या वयाच्या माणसाला तो दिसावयास प्रयत्न करावा लागतो.

ह्या लिलावाची झळ लग्नासारख्या नाजूक विषयालाहि लागलेली आहे. भारत मॅट्रिमनी चालविणाऱ्या कंपनीनें मद्रास उच्च न्यायालयांत अशी फिर्याद केली, कीं आमचें नांव कोणी शोधलें असतां प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती दाखविल्या जातात. प्रतिवादींत गुगलबरोबर मुंबईची शादी डॉट कॉम चालविणारी कंपनीहि होती. २०१० च्या सप्टेंबरांत न्यायालयानें अंतरिम मनाई नाकारली. कारण 'तमिळ', 'मॅट्रिमनी' हे रोजच्या व्यवहारांतले वर्णनपर शब्द, ते एकाच्याच मालकीचे कसे होणार? हा निकाल मला पटतो. 'वधूवर सूचक' हे शब्द उद्यां कोणीं कुलुपांत ठेवले तर आपल्या मंडळांनीं करावें काय? त्याच कंपनीनें व एका ग्राहकसंस्थेनें नंतर भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली. फेब्रुवारी २०१८ मध्यें आयोगानें, गुगलनें शोधाच्या पानावर कांहीं बाबतींत पक्षपात केला असें ठरवून, १३५.८६ कोटी रुपये दंड केला; कंपनीनें त्यावर अपील केलें. सामान हलविणाऱ्या अगरवाल पॅकर्सच्या नांवाचा वादहि दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. १० ऑगस्ट २०२३ रोजीं तेथील खंडपीठानें म्हटलें तें महत्त्वाचें आहे. दुसऱ्याचें नांव शोधशब्द म्हणून वापरणें हाच कांहीं गुन्हा नव्हे. परंतु त्यामुळें ग्राहकाची दिशाभूल होत असेल तर, या व्यवहारांत स्वतः भाग घेऊन पैसे मिळविणाऱ्या गुगलला 'मी केवळ निरोप्या' असें म्हणून सुटतां येणार नाहीं. दलालाला दलाल म्हणण्याचें काम न्यायालयानें येथें केलें.

मग गृहस्थानें करावें काय? पहिलीं तीन प्रमाणें आपल्या हातांत आहेत, तीं गहाण टाकूं नयेत. नागपुरी संत्र्याला २०१४ सालीं भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. परगांवीं राहणारीं आपलीं मुलें आतां तीं ऑनलाईन मागवितात. पण आंबिया बहार दिवाळीच्या मागेंपुढें उतरतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चांत, हें विदर्भांतल्या पोरालाहि ठाऊक असावें. जूनमध्यें 'बागेंतून आजच तोडलेलीं' म्हणून कोणी पहिल्या क्रमांकावर मिरवूं लागला, तर टिचकी मारण्यापूर्वीं अनुमान चालवावें. फळ घरीं आलें, त्याची साल गराला घट्ट चिकटलेली आणि फोडीफोडींत बियाच बिया, तर तें पंजाबकडचें किन्नो असावयाचें. आपल्या संत्र्याची साल कशी सैल सुटते, हें सांगावयास यंत्राची गरज नाहीं.

संत्र्यांत फसलें तर शंभर-दोनशें रुपये जातात. धरमपेठेंतील माझ्या एका स्नेह्यांची गोष्ट निराळी आहे. एटीएममध्यें कार्ड अडकलें म्हणून त्यांनीं बँकेचा दूरध्वनि मोबाईलवर शोधला आणि सर्वांत वर दिसला तो क्रमांक फिरविला. पलीकडचा गृहस्थ मोठ्या आदरानें 'काका, काका' म्हणत होता. त्यानें एक ॲप घ्यावयास लावलें, आणि अर्ध्या तासांत तीन महिन्यांची पेन्शन गेली. तो क्रमांक बँकेचा नव्हताच. त्याहून वाईट पुढेंच. वहिनी म्हणाल्या, "मुलांना कळवूं नका, आपल्याला खुळ्यांत काढतील." पंधरा दिवस दोघेंहि गप्प राहिलीं. एकाच छपराखालीं मुलगा, सून आणि दोन नातवंडें, आणि शिकलेल्या घरांत आपण अडाणी ठरूं या लाजेनें दोन म्हातारीं माणसें जेवणावरून उठून जात होतीं. सुनेला संशय आला, तिनें खोदून विचारलें, तेव्हां प्रकार उघडकीस आला. पण तोंवर पैसे कोठल्या कोठें पोंचले होते. ही गोष्ट त्यांच्याच संमतीनें लिहिली आहे.

असे प्रकार नवे नाहींत. नकाशावर लोकांनाच माहिती दुरुस्त करण्याची जी सोय असते तिचा लाभ घेऊन भामट्यांनीं एका बँकेच्या शाखांचे क्रमांक बदलल्याच्या तक्रारी २०१८ सालींच महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. बँकेचा क्रमांक पासबुकावर व कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो; तोच घ्यावा. तरीहि कोणी फसलें तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. पहिल्या कांहीं तासांत कळविलें तर पैसे वाटेंतच गोठविण्याचा संभव असतो. म्हणून मुलांसुनांनीं, 'झालें असेल तर सांगा, आम्ही रागावणार नाहीं' असें वडीलधाऱ्यांस अगोदरच बोलून ठेवावें. मालाविषयींची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक १९१५ आहे.

या प्रांतांत ग्राहकाचा आवाज मुका नव्हता. पुण्यांत १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत स्थापिली, तेव्हां ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा देशांत नव्हता. तो १९८६ सालीं झाला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणें तर ऑनलाईन बाजारपेठ चालविणाऱ्यानें मालाचा वरखालचा क्रम मुख्यतः कशावर ठरतो तें स्पष्ट लिहिलें पाहिजे. हा मजकूर बहुधा पानाच्या तळाशीं, बारीक अक्षरांत असतो. नातवंडांपैकीं एकाला सुटींत तो शोधून मोठ्यानें वाचावयास सांगावा. नोव्हेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें ग्राहकास भुलविण्याच्या तेरा क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध केली. 'फक्त दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई करणें आणि न मागितलेली वस्तु हळूच टोपलींत टाकणें, या तींतल्याच. त्यांचा, आणि पैसे देऊन लिहवून घेतलेल्या अभिप्रायांचा विचार पुढील अंकीं करूं. वाचकांस अशा क्लृप्त्यांचा अनुभव आला असल्यास संपादकांच्या पत्त्यावर अवश्य लिहावें.